परवाची नळी

नानांच्या मनगटाजवळच्या नळीवर तारखेची चिकटपट्टी होती आणि जोडल्याची तारीख परवाची होती. एवढं दिसलं आणि माझं डोकं फिरलं.

नाना म्हणजे माझे वडील. देवळ्याला कांदा पिकवतात. पोटाच्या ऑपरेशननंतर त्यांचा रक्तदाब सारखा खाली जात होता, म्हणून नाशिकच्या आयसीयूत त्यांच्या मनगटाच्या धमनीत बारीक नळी घातली होती. तिला जोडलेली लांब नळी यंत्राकडे गेलेली आणि पडद्यावर लाल लाट धावायची. ती धावतेय तोवर नाना आहेत, एवढंच मला कळत होतं.

मला शिळं काही खपत नाही. इंदिरानगरच्या घरी प्यायच्या पाण्याचा हंडा मी सकाळ-संध्याकाळ घासते, घरातले हसतात. आणि इथे रक्ताला जोडलेली नळी परवाची? मी सिस्टरना म्हटलं, रोज बदला, सामान मी आणून देते. त्यांनी शांतपणे सांगितलं की नळ्यांचा हा संच चौथ्या दिवशी बदलतात. सैल झाला, खराब झाला तरच आधी. उगाच उघडला की दर वेळी जंतूंना वाट मिळते. डॉक्टरांना गाठलं, तर तेही तेच म्हणाले. मला वाटलं, सगळे एकाच माळेचे मणी. बाकावर बसवेना. भाऊ म्हणाला, तुझ्या पायाला भिंगरी लागलीय का? लागली होती. नाना जातील अशी भीती वाटत होती आणि भांडायला माझ्याकडे त्या नळीखेरीज काही नव्हतं.

पुढच्या भेटीच्या वेळी मी सिस्टरशी पुन्हा तेच सुरू केलं. नाना झोपलेत असं वाटत होतं. डोळे न उघडता त्यांनी मला विचारलं, "बाई, चाळ भरल्यावर रोज हात घालतो का आपण? हाय तसं ऱ्हाऊ दे."

उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत भरला की नाना कुणाला शिवू देत नाहीत. आई म्हणायची, सडके तेवढे वेचून काढू. नानांचं म्हणणं, एक काढायला जाशील अन् दहा बिघडवून येशील. ते नुसते चाळीभोवती वास घेत फिरायचे.

पटलं, पण चैन पडेना. कांद्याला निदान वास तरी येतो.

चौथ्या दिवशी मी आत गेले तेव्हा सिस्टर नवा संच जोडायच्या तयारीत होत्या. मला दाराशीच थांबवलं. त्यांनी नळीवरची छोटी तोटी फिरवली आणि पडद्यावरची लाट सपाट झाली. यंत्र ओरडायला लागलं. कारण समोर दिसत होतं, तरी पडद्याकडे बघवेना. मी नानांच्या छातीवरच्या चादरीकडे बघत राहिले. ती हलत होती. थोड्या वेळाने लाट पुन्हा उठली.

हीच सपाट रेघ मी रोज मागत होते.