ओल्या हातांची परीक्षा

गेली वीस वर्षं मी एका वर्तमानपत्रात तंत्रज्ञानाचं सदर लिहितोय. परीक्षणासाठी आलेला प्रत्येक फोन मी आधी मोरवा गावच्या मासळीवाल्या मावशींच्या हातात देतो. गिऱ्हाईक समोर असताना, हात न पुसता त्यांना तो वापरता आला, तरच पास.

एकदा एक भलताच महागडा फोन आला, अंगठ्याच्या ठशाने उघडणारा. मावशींनी कोरड्या हाताने ठसा नोंदवला आणि पापलेट कापायला घेतलं. मग तीनदा अंगठा टेकवला, तरी फोन ढिम्म.

"माझाच आंगठा वलखत न्हाय, तं याला ठेवून काय करू?" त्या म्हणाल्या. मी ते जसंच्या तसं छापलं.

कंपनीने थेट संपादकांकडे तक्रार केली. त्यांनी मला बोलावून झापलं, "अहो, त्या बाईंना आधी हात धुवायला सांगायचं ना!"

मी म्हटलं, "फोनसाठी त्या हात धुवत बसल्या, तर तुमच्या घरचं पापलेट कोण कापणार?"

त्यानंतर कंपन्यांनी मला फोन पाठवणं बंद केलं. करू देत. मी ओळखीच्या दुकानातून मागून आणतो आणि आधी मावशींकडेच नेतो. ज्या फोनला ते हात चालत नाहीत, तो मला चालत नाही.