हाताच्या क्लचवर चालणारा बंब

माझा अडीच एकर ऊस ज्याच्यादेखत जळला, त्या माणसाविषयी मी हे अभिमानानं लिहितोय. हौसराव कोळपे त्याचं नाव. मांडवगण फराट्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. दोन वर्षांचा असताना पोलिओनं त्याचा डावा पाय गेला, तेव्हापासून काखेत कुबडी.

त्याच्या घरी तेव्हा मेंढरं होती. भाऊ कळपामागं हिंडायचे आणि हौसराव बांधावर बसून राखण करायचा. वारा कुठून सुटला, कुठं वळला, हे त्याला बसल्या जागी कळायचं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी भर दुपारी त्याच्या चुलत्याचा गोठा पेटला. गावातली सगळी माणसं घागरी घेऊन धावली. हौसराव बांधावरून नुसता ओरडत राहिला. दौंडहून अग्निशमनाची गाडी आली तेव्हा फक्त राख उरली होती आणि दोन म्हशी गेल्या होत्या. त्या दिवशी बसून राहावं लागल्याचा त्याला जो राग आला, तो काही गेला नाही.

त्यानं जुना ट्रॅक्टर घेतला. डाव्या पायानं क्लच दाबता येईना, म्हणून शिरूरच्या एका वेल्डरकडून हातानं ओढायचा दांडा बसवून घेतला. मागं पाण्याचा टँकर, त्यावर फवारणीचा पंप आणि दोनशे फूट पाइप. पंप सांभाळायला बायको धुरपदा. सुरुवातीला लोक हसले. ज्याला स्वतःला पळता येत नाही तो आगीवर जाणार, असं पारावर बोललं जायचं, आणि बोलणाऱ्यांत मीही होतो. पण कुठं धूर दिसला की पहिला फोन त्यालाच जायचा. कडब्याची गंजी, गुऱ्हाळ, उसाचे फड मिळून चाळीसेक आगी त्यानं विझवल्या असतील. कुणाच्या घरचा चहासुद्धा न घेता तो परत फिरायचा, कारण टँकर आधी भरून ठेवायचा असायचा.

गेल्या फेब्रुवारीत दुपारी बाराच्या सुमाराला माझ्या उसावरच्या तारा एकमेकींना घासल्या आणि ठिणग्या पडल्या. पाचट वाळलेलं, वारा पश्चिमेचा. बघता बघता फड पेटला. मी हौसरावला फोन लावला आणि रस्त्यावर येऊन उभा राहिलो. ट्रॅक्टर आला, पण माझ्या फडाकडं न वळता सरळ पुढं निघाला. मी ट्रॅक्टरला आडवा गेलो. काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यानं इंजिन बंद केलं नाही. आवाजही चढवला नाही.

"पोपट, जळका ऊस कारखाना घेईल. वारं कोप्यांकडं चाललंय, आन् तिथं बाळंतीण हाय. वर बस."

फडाच्या पूर्वेला ऊसतोड कामगारांच्या सात कोप्या होत्या, उसाच्या वाढ्याच्या आणि प्लॅस्टिकच्या झोपड्या. माणसं दुसऱ्या शिवारात तोडीला गेली होती. मागं राहिली होती चांगुणा, तिचं दहा दिवसांचं लेकरू आणि म्हातारी सासू. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी वर चढलो.

पुढं पाटाच्या पाण्याची चारी आडवी आली आणि टँकर अडला. हौसराव खाली उतरला. एका हातात कुबडी, खांद्यावर पाइप. चारीतल्या चिखलात कुबडी रुतली आणि तो पडला. मी उचलायला गेलो तर त्यानं मला कोप्यांकडं जायला सांगितलं. मग कुबडी तिथंच सोडून, बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत, त्यानं पाइप पलीकडं नेला. धुरपदानं पंप सुरू केला. ऊस आणि कोप्या यांच्यामधलं वाळलं पाचट तो भिजवत चालला, हातभर पुढं सरकायचा आणि पुन्हा पाणी मारायचा. ज्वाळा माणसाच्या दुप्पट उंच होत्या. मी लेकरू छातीशी धरलं, चांगुणेनं सासूला धरलं, आणि आम्ही चारी ओलांडली. मागं वळून पाहिलं तेव्हा तो धुरात दिसत नव्हता. पाण्याची धार मात्र दिसत होती.

ओल्या पट्ट्याशी येऊन आग बसली. एका कोपीची बाजू जळाली, बाकी सहा शाबूत राहिल्या. हौसरावचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. तासाभरानं शिरूरहून अग्निशमनाची गाडी आली. तिच्यावरच्या साहेबांनी तो पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून पाहिला आणि कुणी केला म्हणून विचारलं. मी बोट दाखवलं. चिखलात बसलेल्या माणसासमोर ते खाली वाकले आणि त्याच्या न भाजलेल्या हाताशी हात मिळवला.

माझा ऊस कारखान्याला जळका म्हणून गेला. वजन घटलं.

एक मेला ग्रामपंचायतीनं त्याचा सत्कार ठेवला. शाल माझ्या हातून द्यावी असं मीच सरपंचबाईंना विनवलं होतं. चांगुणा तोवर गावी परतली होती. तिच्या नवऱ्याचा फोन आला, तो माइकला लावून सगळ्यांना ऐकवला. लेकरानं आता मान धरली, एवढंच तो बोलू शकला. धुरपदानं पदर डोळ्यांना लावला.

हौसरावला बोलायचा आग्रह झाला. त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं, "मला पळता येत न्हाई, म्हणून आग कुठं येणार त्ये मला आधी बघावं लागतं. तुम्हाला तर पळता येतंय. चार जण माझ्याबरुबर या, म्हंजी झालं."

चार मागितले, अकरा जण मिळाले, त्यांत तीन बाया. आता दर महिन्याला शाळेच्या मैदानावर तो आम्हाला पाइप धरायला शिकवतो. चुकलं की रागावतो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आमच्या नावांची आणि फोन नंबरांची पाटी लागली आहे. सगळ्यात वर त्याचं नाव, त्याखाली धुरपदाचं. शेवटचं माझं आहे, आणि येता-जाता मी ते रोज वाचतो.