पळस्पे फाट्यावर वाजलेला मृदंग

वेळ मारून नेण्यात माझा हात कोणी धरला नसता. पदवी घेऊन वर्ष झालं तरी नोकरीचा पत्ता नव्हता, म्हणून मामाने मला पळस्पे फाट्यावरच्या त्याच्या बुकिंगच्या टपरीत बसवलं होतं. कोकणात जाणाऱ्या खाजगी बसची तिकिटं द्यायची आणि बस येईपर्यंत प्रवाशांना थोपवून धरायचं, एवढंच काम. 'आली आली, कळंबोली सोडली,' हे मी दिवसातून वीसदा म्हणायचो. बस तेव्हा बोरिवलीतच असायची. त्याची मला कधी लाज वाटली नाही. वाटायला लागली ती एका शिमग्यात. मोबाइल तेव्हा नुकते प्रत्येकाच्या खिशात आले होते, पण ड्रायव्हरचा नंबर फक्त माझ्याकडे असायचा.

सकाळी नऊची चिपळूणची बस होती. पावणेदहा वाजले तरी ती आली नव्हती. पहाटेच घरून निघालेली तीसेक माणसं फाट्यावर उन्हात बसली होती. पोरं रडत होती, बायका पिशव्यांवर डोकं टेकून पेंगत होत्या. सफारी सूटमधला एक गृहस्थ दर पाच मिनिटांनी काउंटरवर हात आपटत होता. मागच्या गणपतीत एकाने माझी कॉलर धरली होती. त्यामुळे त्याने हात आपटला की मी स्टूल थोडं मागे सरकवायचो.

त्या गर्दीत साठीच्या पुढचे एक काका होते. शेजारी कापडात गुंडाळलेला मृदंग, आणि मांडीवर पिशवी घट्ट धरलेल्या काकी. गावाला शिमग्यात नमन असतं, देवापुढचा गाण्या-नाचाचा खेळ, त्यात काका मृदंग वाजवायचे. पिशवीत काय आहे ते काकींनी मी न विचारताच सांगितलं होतं. खण, नारळ, हिरवा चुडा.

"आज दिवेलागणीला पालखी आमच्या दारात येतेय. घर वर्षभर बंद. उघडायला आमी दोघंच," त्या म्हणाल्या. "देवीची ओटी भरायची हाय. दार बंद दिसलं की पालखी फुडं जाते बाबा, मागं फिरत नाय."

मला कल्पना सुचली. सुचली तेव्हा ती चांगलीच होती, हे मी आजही म्हणेन. "काका, मृदंग वाजवा ना थोडा. लोक कंटाळलेत."

काका खुलले. "सुका मृदंग बोलंल कसा? कणीक आण."

शेजारच्या हॉटेलातून मी कणकेचा गोळा आणला. त्यांनी तो मृदंगाच्या डाव्या तोंडावर थापला, बोटांनी चापून बसवला, दोन थापा मारून पाहिल्या. मग उभे राहून मृदंग गळ्यात अडकवला आणि मला बजावलं, "गण धरला की पुरा होईपर्यंत मृदंग गळ्यातून काढायचा नसतो. देवाचं काम हाय. गाडीचं काय असंल तर आदी सांग."

मी मान डोलावली.

मग काका वाजवायला लागले. त्यांच्याच वाडीतले दोघे सूर धरून उभे राहिले. पहिल्या दोन ओळी कोणी लक्ष दिलं नाही. तिसरीला पेंगणारी एक बाई उठून बसली. हातावर टाळी देत माणसं मागे ओळ म्हणू लागली, चार पोरं नाचायला लागली, रडणारं मूल बापाच्या खांद्यावरून टकामका बघायला लागलं. एक ट्रकवाला ट्रक बाजूला लावून खाली उतरला. सफारीवाला गृहस्थ तर चक्क ताल धरून मान हलवत होता. पहाटेपासूनचा शीण त्या माणसांच्या चेहऱ्यांवरून उतरताना मी पाहिला. मलाही फार बरं वाटलं.

तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन आला. क्लच गेला होता, दुपारी दोनच्या आत बस येणं शक्य नव्हतं.

मी सांगायला बाहेर आलो. काकांनी वाजवता वाजवता भुवया उंचावून विचारलं. मी हातानेच खूण केली, चालू द्या.

पाच मिनिटांनी एसटीची लाल गाडी येऊन थांबली. "चिपळूण, चिपळूण!" कंडक्टर ओरडत होता. शिमग्याच्या दिवसात क्वचितच दिसते तशी, अर्धी रिकामी. काकी पिशवी घेऊन उठल्या आणि माझ्याजवळ आल्या.

"बाला, आपली गाडी येते ना? नायतर ह्यांना थांबवते, हिच्यातनं जातो."

खरं सांगितलं असतं तर सगळेच धावले असते आणि धावण्याआधी माझ्यावर तुटून पडले असते. माझ्या तोंडून नेहमीचं वाक्य गेलं. "आली काकी, कळंबोली सोडली."

त्या परत जाऊन बसल्या. लाल गाडी निघून गेली. काका डोळे मिटून वाजवत होते.

बस आली सव्वादोनला. क्लच कळंबोली सोडल्यावर गेला, असं मी तोवर सगळ्यांना सांगून टाकलं होतं. काकींनी खिडकीतून विचारलं, "पोचू ना रे दिवेलागणीला?" मी म्हटलं, "आरामात." माणगावपर्यंत रस्ता तुंबलेला होता, हे मला ठाऊक होतं.

आठवड्याने दोघं परतीच्या बसमधून फाट्यावर उतरले. मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण काका सरळ टपरीत आले आणि स्टुलावर बसले. काकी बाहेरच, पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

"पालखी दार बंद बघून गेली," काका म्हणाले. "आमी रात्री दहाला पोचलो. ही तवापासनं माज्याशी बोलत नाय. बरोबर हाय तिचं. मी वाजवत बसलो नसतो, तर त्या लाल गाडीनं गेलो असतो. चूक माजी."

त्यांच्या खांद्याकडे माझं लक्ष गेलं. "मृदंग कुठंय काका?"

"देवळात ठेवला. आता दुसरा कोनी वाजवंल."

सांगायचं होतं ते सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. बाहेर काकी ऐकू जाईल इतक्या अंतरावर उभ्या होत्या. एक वाक्य पुरलं असतं.

"काका," मी म्हटलं, "चहा सांगू?"