पावसाच्या जाळीची टोपी

माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, जन्मात माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. औषधांनी डोक्यावरचा केस न् केस गेला तेव्हा तिने टोपी मागितली. "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाईन म्हणते. साधी टोपी विणून दे, डोकं झाकेल अशी."

साधी! तीस वर्षं सुया चालवणाऱ्या बाईला साधी टोपी सांगायची? मला चक्क राग आला. आता लिहितानाही लाज वाटते, पण आला खरा.

मी पावसाची जाळी विणायला घेतली. त्र्यंबकच्या बाजूला वाऱ्याने तिरका पडतो, तसा पाऊस. सुईवर लोकरीचा एक वेढा घ्यायचा, पुढचे दोन टाके एकत्र विणायचे, की एक भोक पडतं. अशी भोकं तिरकी सरकवत न्यायची. कपाळाशी तुरळक थेंब, टाळूकडे जाता जाता मुसळधार. लोकर ढगाच्या रंगाची. दोनदा चुकले, दोनदा उसवलं. झाल्यावर स्वतःच्याच डोक्यावर घालून आरशात बघितली. माझ्या दाट, काळ्या केसांवर नक्षी काय उठून दिसत होती! नाकापेक्षा मोती जड होतोय हे काही मला दिसलं नाही.

संक्रांतीला नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या तिच्या घरी गेले. काळी साडी नेसून तिने टोपी घातली, आरशात समोरून पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी हसली. मी तिच्या मागे उभी होते. टाळूवरच्या प्रत्येक भोकातून तिची कातडी दिसत होती. मला दिसलं आणि मी गप्प बसले. आठ दिवसांची मेहनत होती, चारचौघींनी बघायला नको?

शेजारच्या घरी ताई सतरंजीवर बसली. यजमानीण कुंकू लावायला वाकली. "अगंबाई, काय नाजूक जाळी!" म्हणत तिने हात पुढे केला आणि तो तसाच अधांतरी राहिला. मग ती फारच गोड आवाजात हवापाण्याचं बोलू लागली. बाकीच्या बायका वाणाच्या डब्या निरखू लागल्या. ताईने हळूच पदर डोक्यावर ओढून घेतला.

घरी येऊन तिने टोपी माझ्या हातात दिली. "माझ्यासाठी विणलीस की त्या बायकांसाठी?"

मी उलट तिच्यावरच चिडले. डोळे फोडून विणलं त्याचं हे फळ का, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळी टोपी उसवली आणि त्याच लोकरीची साधी विणली, एकही भोक नसलेली. दोन दिवस लागले, फक्त दोन. नेऊन दिली, तिने घडी घालून कपाटात ठेवली. वरातीमागून घोडं. पुढे कितीतरी महिने ती कुणाकडे गेली नाही. आमंत्रण आलं की बरं वाटत नाही म्हणायची.

यंदा नाशिकला थंडी कडक पडली. ताईचे केस परत आलेत, आखूड आणि कुरळे. मी म्हटलं, "ताई, ती टोपी घालत जा ना."

"आता कशाला?" ती शांतपणे म्हणाली. "तेव्हा हवी होती."

त्यानंतर तिने माझ्याकडे काहीही मागितलेलं नाही.