नदीकाठचा करडा डाग

नदीच्या चित्रातला एकुलता एक माणूस मी डाग समजून पुसून टाकला. रॉकेलने.

माझा तेव्हा धंदाच तो. सुरतेत पर्वत पाटियाजवळ एका शेठकडे मी कापड तपासायचो. लूमवरून आलेला ताका टेबलावर ओढायचा, तेलाचा डाग दिसला की बोळा भिजवून घासायचा. डोळ्यांना अशी खोड लागली होती की लग्नात नवरीच्या आधी तिच्या शालूवरचं हळदीचं बोट दिसे.

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या पळापळीनंतर शेठने ऑफिस नवं केलं आणि भिंतीवरचं हे जुनं चित्र मला देऊन टाकलं. विलायती धाटणीचं, हाताने रंगवलेलं. जवळून नुसते निळे-जांभळे फटकारे. दहा पावलं मागे सरकलं की संथ नदी, झाडं, पाण्यावर सांडलेलं ऊन. आमची लिंबायतची खोली पाच पावलांत संपायची, त्यामुळे मला ती नदी कधी नीट दिसलीच नाही. मायला दिसायची. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्या धुरकट नजरेला फटकारे आपोआप एकमेकांत मिसळत. दिवेलागणीला उंबऱ्यात बसून ती चित्राकडे बघत पुटपुटायची. मला वाटे, तापीला हात जोडत असेल. वडिलांची राख आम्ही तापीतच सोडली होती.

एका सुट्टीच्या दिवशी काठावरचा तो करडा डाग मला सहन होईना. घासला. खालचं पांढरं कापड निघेपर्यंत घासला, आणि कौतुकाने मायला हाक मारली.

ती उंबऱ्यात येऊन बसली आणि डोळे बारीक करून काठ शोधू लागली.

"तठे बठेल माणूस कोठे गया?"

"कोन्ता माणूस?"

"तुना बाप. खांदावर टावेल टाकीसन बठेल व्हता. आते संध्याकायले मी कोणासंगे बोलू?"

दुसऱ्या दिवशी ताक्यावर नंबर घालायची शाई आणून मी वडिलांना परत काठावर बसवायला गेलो. माय म्हणाली, "हाऊ कोन शे?" तेही पुसलं. नंतर ती चित्राकडे पाठ करून बसू लागली.

आणि मग मला दिसायला लागलं. संध्याकाळी गल्लीतून घराकडे येताना, उघड्या दारातून, बरोबर दहा पावलांवरून. पुसलेल्या जागी पांढरा माणूस. वाकलेली पाठ, खांद्यावर टॉवेल. दिवस मावळेल तसा तो जास्तच स्पष्ट होई, आणि त्याचं तोंड नदीकडे नसे, माझ्याकडे असे. मी खाली मान घालून आत शिरायचो. चित्र उतरवायला दोनदा स्टुलावर चढलो, दोन्ही वेळा हात पुढे होईना.

शेवटी मायला सांगितलं, "मलेबी बाबा दखातस आते."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जित्ता व्हता तव्हय याच दारमा बसे. तू त्याले वलांडीसन कामवर जाये. तव्हय नही दखाना तुले?"