लिंबाचे फुटवे

किसनराव फुलं पिकवणारे, हट्टी आणि शब्दाला पक्के. मोर्शीच्या अलीकडे त्यांचं गाव. शेतात झेंडू, शेवंती, बांधावर थोडी संत्री आणि उत्तरेच्या कडेला, धुऱ्यावर एक कडुलिंब. त्या लिंबाची दातणापुरती काडी कुणी तोडली, तरी किसनराव त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. कारण त्या लिंबाखाली जमुनाबाई होत्या.

जमुनाबाई म्हणजे त्यांची बायको. भर दुपारी झेंडू तोडता तोडता अंगावर वीज पडली आणि त्या गेल्या. त्या सकाळी मोबाइलवर निरोप आला होता, जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजा पडतील म्हणून. असा निरोप रोजच यायचा. त्याच्या भरवशावर फुलं टाकून घरी कोण बसणार? किसनरावांनी राख नदीला नेली नाही. मोझरीच्या आश्रमात जाणाऱ्या मंडळींनी सांगितलं तसं शेतातच खड्डा केला, राख त्यात घातली आणि वर लिंबाचं रोप लावलं. तेव्हापासून डबा त्याच्याखाली. भाव पडला की गाऱ्हाणंही त्यालाच. "आयकून राहिली ना वं?" असं विचारत. लोक हसायचे. हसोत बापडे.

लिंब चांगला उंच झाला, तेव्हा शेजारच्या गोदामाच्या छतावर चाचणीचं रडार बसलं. पांढरं, उलट्या माठासारखं. असंच एक चांदूर बाजारला, दोन अकोल्याकडे. लांबच्या मोठ्या रडारची नजर इथवर पोचेतो फार वर जाते, खालचे ढग तिला सुटतात. या लहान रडारांच्या जाळ्यानं ते ढग पकडायचे आणि बेलोऱ्याच्या विमानतळाहून उडणारी शिकाऊ विमानंही पाहायची, असा बेत होता. यंत्र सांभाळायला अकोल्याची आचल आली, इंजिनिअर पोरगी, बोलायला गोड.

एक दिवस तिनं किसनरावांना पडदा दाखवला. सगळीकडे रंग, आणि सातपुड्याच्या बाजूला टरबुजाची फोड कापून नेल्यासारखी काळी जागा. "काका, हा तुमचा लिंब. याच्यामागचं काई दिसत नाई."

किसनराव उठून गेले. चार दिवस तिकडे फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी येऊन दारातच उभे राहिले.

"पोरी, मले खरं सांग. हे यंत्र तवा असतं, तं जमुना वाचली असती?"

आचलनं मान खाली घातली. "वाचल्या असत्या का, ते मले सांगता येत नाई काका. पण अर्धा घंटा आधी कळलं असतं."

झाड त्यांनी स्वतः कापलं. पोरगा मनोज आरी मागत होता, त्याच्या हाती दिली नाही. ते कापणं पाहवत नव्हतं, खरंच सांगतो. आचल म्हणाली, "आता पुन्हा वाढू नका देऊ बरं, काका." किसनरावांनी ते वाक्य गाठीला बांधलं.

लिंब चिवट. बुंध्यातून तांबूस, कोवळे फुटवे यायचे. किसनराव दर आठवड्याला ते आपल्या हातानं खुडत. खुडताना ओठ हलायचे. काय म्हणत, ते कुणाला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात एकदा रडारवर ढग दिसला आणि गावच्या भोंग्यावरून विजेचा इशारा आला. सून प्रणाली आणि मजूर बाया फुलं टाकून घराकडे पळाल्या. थोड्या वेळानं बांधावरचं एक संत्र्याचं झाड विजेनं उभं चिरलं. प्रणालीला धडधाकट पाहून किसनराव ओट्यावर बसले आणि लहान पोरासारखे रडले.

त्यानंतरच्या दिवाळीत चाचणीची मुदत संपली. पुढचा पैसा आला नाही. ट्रक आला, माठ उतरला. निरोप घ्यायला आलेल्या आचलची नजर काळ्या, वाळक्या बुंध्यावर गेली.

"काका, हा वाळला कावून?"

"तूच त म्हणली होती, वाढू नका देऊ. एकबी फुटवा ठेवला नाई म्या."

आचल हळूच म्हणाली, "छताच्या वर नको म्हणत होती मी, काका. छतापर्यंत वाढला असता, तरी चाललं असतं."

ही शिकली-सवरली माणसं अर्धं वाक्य टाकून गाडीत बसतात आणि ऐकणारा ते जन्मभर पाळतो. पण पोरीचे डोळे भरले होते, तिला तरी काय बोलणार? किसनरावच म्हणाले, "जाऊ दे माय. तुही काई चूक नाई."

आता ते रोज बुंध्याला पाणी घालतात. फुटवा येत नाही. डबा तिथंच खातात, उन्हात. प्रणालीच्यानं राहवलं नाही. "मामाजी, तिथं नवा लिंब लावू का?"

"लाव ना," किसनराव म्हणाले. "सावली देईन तो. पण तिची राख त यानंच पेली."