नाबाद कप्तान

चष्म्याच्या दुकानाचे मालक रविवारी सकाळी कप्तान व्हायचे. कारण एकच, किट त्यांचं होतं. बॅटी, पॅड, स्टंप, चामड्याचा चेंडू, सगळं त्यांच्या गाडीच्या डिकीत. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, हा नियम बाकीची माणसं मिसरूड फुटायच्या आत सोडून देतात. यांनी तो टक्कल पडलं तरी धरून ठेवला होता.

खेळ यथातथाच. दिवसभर लोकांचे नंबर काढणारा हा माणूस मैदानावर स्वतः चष्मा लावायचा नाही. खेळाडू रुबाबदार दिसला पाहिजे, असं त्यांचं ठाम मत. मग चेंडू दिसायचा तो शेजारून निघून गेल्यावर. पण बाद होतील तर ते कप्तान कसले! पायचीत दिलं तर ‘बॅट लागली होती’, झेल घेतला तर ‘बॅट लागलीच नव्हती’, आणि दांडी उडाली तर वाऱ्यानं. अंपायर म्हणून औषधांचे दुकानदार उभे राहायचे. अपील झालं की ते आधी कप्तानांचा चेहरा बघायचे आणि मग निर्णय द्यायचे.

बाकीचे तरी काय दिवे लावत होते? संघात वकील होते, बँकेतले साहेब होते, शाळेत पोरांना शिस्त लावणारे मास्तर होते. एकजात सगळे माना डोलवायचे. कप्तान रुसून डिकी बंद करून निघून गेले, तर रविवार घरात बसून काढावा लागेल, या धास्तीनं भलेभले गप्प.

कप्तानांचा सराव घराच्या गच्चीवर चालायचा. गोलंदाज त्यांची धाकटी लेक. शाळेतून आली की दप्तर टाकायचं आणि बाबांना चेंडू टाकायचे.

“जरा हळू. आता पायाशी टाक. अगं, इतका वळवतात का? मी मारायचा कसा?”

एकदा तिनं बॅट मागितली. “जड असते ती,” कप्तान म्हणाले आणि पुन्हा स्टान्स घेतला.

“अहो, द्या की एकदा तिच्या हातात,” आई कपडे वाळत घालता घालता म्हणाली. “टाकून टाकून पोरीचा खांदा दुखतोय.”

“दुखतोय म्हणजे तयार होतोय!”

खांदा तयार झालाच. पोर कॉलेजात जाईपर्यंत चेंडू तिच्या बोटांचं ऐकायला लागला होता. कुठे पडेल, किती वळेल, सगळं ती ठरवायची. पण गच्चीवर मात्र मागितला तसाच टाकायची. भाषण ऐकण्यापेक्षा ते बरं.

एका रविवारी वकिलांचा पाय मुरगळला आणि एक माणूस कमी पडला. कप्तानांनी लेकीला आणलं. “नुसती सीमारेषेवर उभी राहा. चेंडू आला तर अडव.” आपसात दोन बाजू पाडल्या, त्यात ती मास्तरांच्या बाजूला गेली. मास्तरांच्या गोलंदाजांना थोड्याच वेळात धाप लागली, तेव्हा त्यांनी चेंडू तिच्या हातात दिला.

“या, या!” कप्तान हसले. “घरची गोलंदाजी आहे, घाबरू नकोस.”

चेंडू स्टंपांच्या बाहेर टप्पा खाऊन आत वळला आणि मधला स्टंप आडवा झाला.

“नो-बॉल,” कप्तान म्हणाले.

“नो-बॉल,” औषधवाले म्हणाले.

“काका, माझा पाय कुठे पडला होता?” लेकीनं विचारलं. काका स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले.

तिनं स्टंप ठोकून उभा केला. या वेळी रेषेच्या हातभर मागूनच चेंडू सोडला. पुन्हा तोच स्टंप गेला.

“मी तयार नव्हतो.”

“बाबा, तुम्ही स्टान्स घेऊन उभे होता.”

“मोठ्यांशी हुज्जत घालतेस? खेळ बंद!”

कप्तानांनी स्टंप उपटले. बँकेतल्या साहेबांनी वाकून कप्तानांच्या पायांचे पॅड सोडले, मास्तरांनी बॅग उचलून डिकीत ठेवली. “जाऊ द्या कप्तान, पोर आहे.” छान टाकलास, असं एकाही बाप्याच्या तोंडून निघालं नाही. डिकी बंद झाल्यावर औषधवाले तिच्या कानाशी येऊन पुटपुटले, “पाय रेषेच्या आतच होता हं.”

“मग तेव्हाच सांगायचं होतं ना, काका,” ती म्हणाली आणि गाडीत न बसता चालत घरी गेली.

घडलं ते तिनं आईला सांगितलं. आई दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन मुलींच्या क्लबात गेली. तिथल्या प्रशिक्षक बाईंनी तिचे मोजके चेंडू पाहिले आणि विचारलं, “उद्यापासून येशील?” पुढे तिची मोठ्या संघात निवड झाली, खेळाच्या जोरावर परगावी नोकरीही लागली.

कप्तानांनी पेपरातला तिचा फोटो दुकानात लावला. नंबर काढायला आलेलं गिऱ्हाईक खुर्चीत अडकलेलंच असतं. “सगळं मीच शिकवलं,” ते त्याला ऐकवतात. “तिला विकेट घ्यायची सवय लागावी म्हणून मुद्दाम बाद व्हायचो.”

सामना संपला की लेक आईला फोन करते. दोघी बोलत असताना कप्तान फोन काढून घेतात. तू किती विकेट घेतल्यास, हे ते विचारत नाहीत. रविवारी आपण कसा फटका मारला, ते सांगायला लागतात. लेक फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवते आणि “हं... हं...” करत बुटांना लागलेली माती खरवडत बसते.